जमिनीच्या दप्तरातून पूर्वजाकडे

सरदार घराण्यांच्या कैफियती उपलब्ध आहेत, संस्थानिकांची दप्तरे आहेत, विद्वानांचे ग्रंथ आहेत. परंतु ज्याने आयुष्यभर औत हाकले, हप्त्याच्या मुदतीत सारा भरला आणि बाजार व यात्रा यांखेरीज गावाच्या शिवेबाहेर क्वचितच पाऊल टाकले, अशा शेतकऱ्याचे चरित्र कोठून मिळवावे, हा प्रश्न आपल्या पणजोबा-खापरपणजोबांविषयी जिज्ञासा बाळगणाऱ्या पुष्कळांना पडतो, आणि त्यांतील बहुतेक जण एक-दोन कचेऱ्यांची पायरी चढून झाल्यावर निराश होऊन शोध सोडून देतात. या निराशेचे कारण कागदांचा अभाव हे नव्हे. दख्खनच्या रयतवारी मुलखात सामान्य कुणब्याविषयी सरकारने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत इतके लिहून ठेवले आहे, की तेवढे त्याच काळच्या एखाद्या मध्यम दर्जाच्या शहरी कारकुनाविषयीही सापडणार नाही. अडचण निराळीच आहे. शोधणारा माणूस पूर्वजाचे नाव घेऊन जातो, आणि दप्तर मात्र जमिनीच्या क्रमांकावर रचलेले असते. सरकारला सारा हवा होता, सारा जमिनीवर बसतो, म्हणून सरकारने जमिनीची हकीकत लिहिली. तिच्या ओघात, कोणी मेला, कोणी कर्ज काढले, भाऊ विभक्त झाले, विहीर पाडली, तेव्हा तेव्हा माणसाचे नाव त्या पानावर उमटले. म्हणून पहिला नियम असा, की पूर्वजाचा शोध करू नये, त्याच्या शेताचा शोध करावा. शेत सापडले की त्याच्या बांधावर पूर्वज भेटल्यावाचून राहत नाही.

कचेरीत जाण्यापूर्वी मात्र घरातले काम पुरे करावे. माळ्यावरची पेटी, देवघरातील फडताळ, जुन्या पोथ्यांची बासने, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी घातलेले वर्तमानपत्र, या सर्वांतून साऱ्याच्या पावत्या, तगाईचे हुकूम, स्टँपाच्या कागदावरील खरेदीखते, सोसायटीची पुस्तके, लग्नाच्या याद्या आणि क्वचित एखादे वाटणीपत्र निघते. सापडलेला कागद ताठ झालेला असेल तर तो बळेच उलगडू नये, चिकटपट्टीने जोडू नये, आणि प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करून टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. दोन्ही अंगांची, पाठीमागच्या शेऱ्यांसकट, स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत आणि कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. पाठीमागचे शेरे मुद्दाम सांगतो, कारण कर्जाची फेड हप्त्या-हप्त्याने कशी झाली, याची नोंद रोख्याच्या पाठीवरच करीत असत.

घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना सनावळी विचारू नये. "आजोबा केव्हा जन्मले?" या प्रश्नास उत्तर येत नाही, आणि आले तरी ते विश्वसनीय नसते. त्याऐवजी प्लेगात घर सोडून रानात राहायला गेले होते ते कोण, मानमोडीच्या साथीत घरातली किती माणसे गेली, दुष्काळात जनावरे कोठे सोडली, विहिरीला पाणी लागले तेव्हा अंगावर कोणते मूल होते, असे विचारावे. पुण्यातला प्लेग १८९७ चा, मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ १९१८ ची, दख्खनमधील मोठे दुष्काळ १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. या खुंट्यांवर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आपोआप टांगल्या जातात आणि जन्ममृत्यूचा काळ चार-दोन वर्षांच्या अंतराने निश्चित होतो. शेतांची घरगुती नावेही याच वेळी उतरून घ्यावीत. कागदावर जे क्रमांक आहेत त्यांना घरात "आंब्याचं", "चिंचेखालचं", "थळातलं", "माळाची पट्टी" अशी नावे असतात, आणि घरच्या माणसाची आठवण त्या नावांना बांधलेली असते.

आता सरकारी दप्तर. आज ज्या सातबाऱ्याचा उतारा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो तो वस्तुतः दोन नमुन्यांचा जोड आहे: गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, आणि बारा ही पिकांची नोंदवही. संगणकावरचा चालू उतारा आपल्या कामाचा नाही. त्यावर हयात माणसांचीच नावे. आपल्याला हवा तो जुना हस्तलिखित उतारा, ज्यावर मागच्या खातेदारांची नावे कंसात टाकलेली असतात आणि त्यांच्या शेजारी वर्तुळात आकडे लिहिलेले असतात. हे वर्तुळातील आकडे म्हणजेच फेरफारांचे क्रमांक. प्रत्येक क्रमांकाची हकीकत गाव नमुना सहाच्या, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत विस्ताराने दिलेली असते. ती वाचावी, तीत उल्लेखिलेला आधीचा क्रमांक शोधावा, तो वाचून त्याच्या आधीच्याकडे जावे, आणि याप्रमाणे मागे मागे सरकत हक्कनोंदणीच्या आरंभापर्यंत पोहोचावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसुलाच्या कायद्यात समाविष्ट झाला. गावोगावची नोंदवही त्या सुमाराच्या वर्षांत केव्हातरी सुरू झालेली असते. महसूल खात्याने अनेक जिल्ह्यांतील जुन्या फेरफारांच्या व उताऱ्यांच्या प्रतिमा संकेतस्थळावर उपलब्ध केल्या आहेत. तेथे न मिळाल्यास तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. अर्जात माणसाचे नाव नव्हे, गाव, तालुका, नंबर आणि फेरफाराचा क्रमांक लिहावा, म्हणजे कारकुनाला नकार देणे कठीण जाते.

या साखळीत एक दुवा हटकून तुटतो. १९४७ च्या कायद्यान्वये जेथे जमिनींचे एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि पूर्वीच्या शेताचा तुकडा नव्या गटात कोठे गेला हे उताऱ्यावरून कळत नाही. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा, म्हणजे जुना नंबर व नवा गट यांची जुळणी दाखवणारे पत्रक, मागून घ्यावे. त्याच कार्यालयात टिपणे, आकारबंद आणि गावनकाशाही मिळतात. टिपण म्हणजे मोजणीदाराने शेताच्या आकृतीवर साखळीची मापे लिहिलेला कागद. तेहेतीस फूट लांबीच्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या बांधावरून आजही भावाभावांत तंटे होतात तो बांध कोणत्या मापाने आखला गेला, हे त्या टिपणावर स्पष्ट दिसते.

फेरफाराची नोंद कशी वाचावी हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण चरित्राची खरी सामग्री तीतच आहे आणि पुष्कळ लोक तीतील नावे तेवढी उतरून घेऊन पान उलटतात. समजा, एका नोंदीत असा मजकूर आहे: खातेदार दोन वर्षांपूर्वी मयत झाला अशी थोरल्या मुलाने वर्दी दिली, वारस दोन मुलगे, पैकी धाकटा अज्ञान, वय वर्षे सात, त्याची पालनकर्ती आई, मयताची आई हयात असून तिच्या अन्नवस्त्राचा हक्क इतर हक्कांत नोंदावा, थोरल्याचे नाव एकत्र कुटुंबाचा म्यानेजर म्हणून लावावे. या पाच-सहा ओळींत किती गोष्टी आहेत! वर्दीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. मृत्यू दोन वर्षे मागे गेला. धाकट्याचे वय सात, म्हणजे तो बापाच्या मृत्यूच्या वेळी पाच वर्षांचा असावा. थोरला वर्दी देण्याइतका मोठा, तेव्हा दोन भावांत बरेच अंतर आहे; मधली मुले दगावली असतील, मधल्या मुली असतील, किंवा दोघांच्या आया भिन्न असतील, आणि या तीन शक्यतांचा निवाडा दुसऱ्या कागदावर करावा लागेल. मयताची आई हयात आहे, याचा अर्थ त्या माउलीने पोटचा पोर जाताना पाहिला. दोन वर्षे वर्दी का दिली नाही, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुष्कळदा उत्तर पुढच्याच नोंदीत असते, कारण पुढची नोंद गहाणाची असते, आणि सावकार मेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज देत नाही. जुन्या उताऱ्यांवर "अ. पा. क." आणि "ए. कु. म्या." अशी आद्याक्षरे वारंवार दिसतात, पहिल्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, दुसऱ्याचा एकत्र कुटुंब म्यानेजर. ज्यांना ही अक्षरे ठाऊक नसतात ते म्यानेजर भावाला एकटा मालक समजतात आणि वंशवृक्षाची एक सबंध फांदी गमावून बसतात.

नोंदीत मुली दिसत नाहीत याचे आश्चर्य वाटू देऊ नये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी मुलगे असता मुलींची नावे वारसांत बहुधा येत नसत; त्यानंतरच्या नोंदींत ती येतात, आणि थोड्याच वर्षांत हक्कसोडपत्राच्या फेरफाराने बहुतेक वेळा निघून जातात. पूर्वजाच्या बहिणी व मुली शोधावयाच्या तर ही हक्कसोडपत्रे अतिशय मोलाची आहेत, कारण त्यांत त्यांची सासरची नावे आणि गावे मिळतात. ज्या कागदाने त्यांचा हक्क गेला त्याच कागदात त्यांचा ठावठिकाणा शिल्लक राहिला आहे, ही गोष्ट मनाला लागते. परंतु शोध घेणाऱ्याने त्या गावी जाऊन त्यांची घरे धुंडाळावीत. कुटुंबाच्या आठवणी बहुधा मुलींच्या घराण्यांत अधिक शाबूत असतात.

नमुना बाराकडे लोक ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक पूर्वजाचा दिनक्रम जर कोठे असेल तर तो तेथे आहे. कोणत्या वर्षी किती गुंठ्यांत बाजरी, कितींत तूर-हुलग्याचे मिश्र पीक, किती पड, विहिरीचे पाणी केव्हापासून, बागाईत किती, हे सर्व ओळीने लिहिलेले असते. सलग वर्षांची पाने जवळ ठेवून वाचली, की अवर्षणाचे वर्ष पडीच्या आकड्यावरून ओळखू येते आणि उसाची पहिली लावण दिसते. घरात जी आठवण अंधुक असते ती येथे आकड्यांनी उजळते. या पानांच्या जोडीला आपल्या तालुक्याचा सर्व्हे-सेटलमेंटचा अहवाल वाचावा. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून जी पाहणी झाली तिच्या धर्तीवर पुढे इलाखाभर जमिनींची प्रतबंदी झाली, तीस-तीस वर्षांच्या मुदतीने फेरपाहणी झाली, आणि दर खेपेस तालुक्यातील गाड्या, बैल, विहिरी, बाजारपेठा, धान्याचे भाव यांचे वर्णन सरकारने छापून काढले. जिल्ह्याचे गॅझेटियरही याच कामी येते. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला डॉ. हॅरल्ड मॅन यांचा पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास तर प्रत्येक शोधकाने पाहावाच. १७७१ साली तेथे सरासरी चाळीस एकरांची असलेली शेतजमीन १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर कशी आली, हे त्यांनी गावच्या कागदांवरूनच दाखवून दिले. आपल्या घराण्याची चार पिढ्यांची धारणा याच रीतीने मांडून पाहिली, की धाकटा भाऊ मुंबईस गिरणीत का गेला, याचे कारण कोणास विचारावे लागत नाही.

कर्जाविषयी संकोच बाळगू नये. पूर्वजाचे कर्ज हा त्याच्या चारित्र्याचा दोष नव्हता. रोख पैशात भरावा लागणारा सारा, पावसाचा भरवसा नसलेला मुलूख आणि सावकाराच्या हातातील लेखणी यांतून ते निपजले होते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्याच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, आणि शेतकऱ्याने करावयाचे दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहून घेण्याची व्यवस्था झाली. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कचेरीतल्या कुणब्याची जी दैना वर्णिली आहे ती याच काळातली, १८८३ ची. तेव्हा आपला पूर्वज या जिल्ह्यांतला असेल तर १८७९ नंतरचे दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूचीवरून शोधावेत. दस्तातील चतुःसीमा अवश्य उतरून घ्याव्यात. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याचा बांध, अशा त्या चार ओळींनी पूर्वजाचे शेजारी कळतात, आणि एका गावात एकाच नावाची तीन माणसे असता, नातवाला आजाचे नाव ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे हे हमखास घडते, तेव्हा कोणता आपला हे शेजाऱ्यांवरूनच ठरते. जुन्या कागदात आडनाव नसते. "राणू बिन सटवा" एवढेच असते. त्याची ओळख पटवायला त्याचा बांधच साक्षीला लागतो.

जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये होत असे. तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या रकान्यात पुष्कळदा मुलाचे नाव नसते, बापाचे नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच असते, कारण बारशाच्या आधीच वर्दी गेलेली असे. मृत्यूच्या रकान्यात कारण असते: ताप, पटकी, देवी, प्लेग. एका घरच्या दोन-तीन नोंदी एकाच आठवड्यात आढळल्या तर त्या नुसत्या उतरून न घेता त्या महिन्याची सारी पाने वाचावीत, म्हणजे सबंध गावावर काय कोसळले होते हे कळते. शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे, परंतु तेथील जन्मतारखेवर विसंबू नये. १ जून ही तारीख आढळली तर ती मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने घातलेली आहे असे समजण्यास हरकत नाही. जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांच्या मागे मात्र लागू नये. पाश्चात्त्य देशांत त्या वंशशोधाचा मुख्य आधार असतात. आपल्याकडे अभ्यासकाच्या हाती लागतात ते छापील एकूण आकडेच.

हक्कनोंदणीच्या मागे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात आणि पेशवाईत, जावयाचे तर मोडी लिपी शिकल्यावाचून गत्यंतर नाही. ती वाटते तितकी अवघड नाही. अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. परंतु महसुली कागदातील वाक्ये ठरीव साच्याची असल्याने काही आठवड्यांच्या सरावाने नावे आणि आकडे तरी वाचता येऊ लागतात. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. कागदावरील सन ओळखण्याची रीतही शिकावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फसली सनात ५९० मिळवावे, म्हणजे फसली १३१० हे १९००-०१ चे वर्ष ठरते. पेशवाईच्या कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, त्यात ५९९ मिळवावे. "सलास समानीन मया व अलफ" म्हणजे तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, अर्थात ११८३, म्हणजे १७८२-८३. हे वर्ष मृगनक्षत्रापासून सुरू होते, म्हणून इसवी सनाची दोन वर्षे एकत्र द्यावी लागतात.

पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. तेथे आपल्या पूर्वजाचे नाव हमखास मिळेल अशी आशा धरून जाऊ नये. तेथे गाव मिळते. गावचे झाडे म्हणजे जमिनींच्या याद्या, ताळेबंद आणि वसुलाचे हिशेब यांत कुळांची नावे क्वचित येतात. जेथे वतनाचा किंवा मिरासीचा तंटा झाला असेल तेथे मात्र महजर, म्हणजे गोतसभेचा लेखी निवाडा, सापडतो, आणि महजरात गोतातील माणसे नावानिशी हजर असतात. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, सुताराच्या पुढे त्याच्या हत्याराची, अशा खुणांनी भरलेला तो कागद पाहताना आपला पूर्वज ज्या गावगाड्यात राहिला त्याची सारी घडण डोळ्यांपुढे उभी राहते. थळझाडा, म्हणजे गावातील थळांची यादी, हाती लागला तर भाग्यच म्हणायचे. गावातील जमिनी मूळ मिरासदार घराण्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थळांत विभागलेल्या असत. घराणे निर्वंश किंवा परागंदा झाले, गतकूळ झाले, तरी थळाला त्याचेच नाव राही. घरी "थळातलं" असे नाव असलेल्या शेताचा अर्थ कधी कधी येथे उलगडतो.

देवस्थानच्या वह्या हे आणखी एक साधन. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरूने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे आणि कित्येकदा आईचे व बायकोचे नाव सांगून लिहवलेले असते. ज्या शेतकऱ्याने दप्तरात स्वतःहून कधी काही लिहवले नाही त्याने येथे आपखुशीने आपले कुळ सांगितले आहे. गावावरून उपाध्याय ठरतो, म्हणून जाताना गावाचे जुने नाव व परगणा माहीत असावा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूस हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात. ते दारी आले तर त्यांना घाईने बिदागी देऊन वाटेला लावू नये. पाट मांडावा, सगळी वंशावळ ऐकावी, ध्वनिमुद्रित करावी आणि कागदाशी ताडून पाहावी.

आतापर्यंत खातेदाराचे सांगितले. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज खातेदार नव्हते. ते कुळे होते, सालगडी होते, वाटेकरी होते, आणि ज्यांच्या कष्टावर गाव उभे राहिले त्यांच्या नावाने गावात गुंठाभर जमीन नव्हती. त्यांचा शोध लागत नाही असे म्हणणे म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. महार वतनाच्या जमिनींची दुमाला नोंदवहीत, आणि १९५८ च्या कनिष्ठ वतने नष्ट करणाऱ्या कायद्यानंतरच्या फेरफारांत, वतनदारांची नावे तक्षिमांसह सापडतात. कुळांसाठी सात-अचे पान आणि १९४८ च्या कूळकायद्याचे कागद पाहावेत. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्याकरिता शेतजमीन न्यायाधिकरणासमोर प्रत्येकाची चौकशी झाली. त्या प्रकरणांत जबाब असतात. ही जमीन माझा बाप कसत होता, खंड इतके मण ज्वारी, अमक्या साली बांध घातला, तमक्या साली मालकाने काढून घेण्याचा प्रयत्न केला, असे कूळ स्वतःच्या तोंडाने बोलते आणि कारकून ते उतरून घेतो. माझ्या मते साऱ्या महसुली दप्तरात याहून मौल्यवान कागद नाही. कारण इतरत्र शेतकऱ्याविषयी लिहिले आहे, येथे शेतकरी बोलला आहे. हे दप्तर कायम राखण्याच्या वर्गात आहे की मुदतीनंतर नष्ट करण्याच्या, याची चौकशी आजच करावी आणि नक्कल काढून घ्यावी.

प्रांतभेदाने कागदांची नावे बदलतात. कोकणात खोती गावांतील कुळांची नावे १८८० च्या खोती कायद्याखालील बोटखतांत पाहावीत. मराठवाड्यात निजामी अंमलाचे कागद उर्दूत आहेत, म्हणून तेथे जाणकार माणूस सोबत लागतो. १९५४ चे खासरापत्रक हा तेथील सोयीचा आरंभबिंदू होय. वऱ्हाडात पद्धती मुंबईसारखी रयतवारी, नागपूरकडे मात्र १९५१ पर्यंत मालगुजारी होती. तेथे मालगुजाराच्या हाताखालच्या कुळांची नोंद बंदोबस्ताच्या मिसलींत शोधावी.

पूर्वज गाव सोडून गेला असेल तर माग बंदराकडे, पलटणीकडे किंवा गिरणीकडे वळतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची संख्या सांगणारी संगमरवरी पाटी सातारा जिल्ह्यातील कित्येक गावांत चावडीवर आजही आहे. रत्नागिरी व सावंतवाडीकडील जी शेतकरी माणसे मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेली त्यांच्या नोंदी त्या बेटावरील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत: नाव, बापाचे नाव, वय, गाव, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. ज्या घराण्यात "एक भाऊ समुद्रापार गेला, परत आला नाही" एवढीच आठवण असेल त्यांनी तेथे अवश्य चौकशी करावी. कारकुनाने गावाचे नाव कानाला आले तसे लिहिलेले असते, म्हणून ते मोठ्याने वाचून ओळखावे लागते.

सामग्री जमल्यावर लिहिताना तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये: कागदात जे आहे ते, घरात जे सांगतात ते, आणि आपण जे अनुमान केले ते. प्रत्येक विधानापुढे फेरफाराचा क्रमांक किंवा सांगणाऱ्याचे नाव लिहावे; कागद आणि आठवण यांत विरोध आला तर दोन्ही लिहून ठेवावीत, एक खोडू नये. कर्ज, तंटा, दुसरे लग्न, दत्तकावरून झालेला वाद, असे काही अप्रिय निघाले तर तेही गाळू नये. मात्र हयात माणसांच्या हक्कास बाध येईल असे काही छापण्यापूर्वी त्यांना विचारावे, कारण जुना फेरफार चाळताना भाऊबंदकीतला झोपलेला दावा जागा होणे ही नित्याची गोष्ट आहे. आणि एवढे सर्व करण्यापूर्वी, या सुगीच्या आतच, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची एक मोठी प्रत काढावी, घरातील आणि शेजारच्या वृद्धांना ती दाखवत शिवारातून हिंडावे, आणि प्रत्येक नंबरावर त्या शेताचे घरगुती नाव, त्यातील विहीर कोणी पाडली ते, बांधावरचे झाड कोणी लावले ते लिहून घ्यावे. एक प्रत आपल्याजवळ, एक चुलत घराण्यात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी.